सूर्य कुणाच्या सातबाऱ्यावर?

आपल्या कवितेत सूर्य फार झाले. कुणाच्या मुठीत सूर्य, कुणाच्या डोळ्यांत सूर्य, कुणी सूर्याची मशाल करून वेशीवर उभा. मीही दोन-चार उगवून घेतलेत, नाकारत नाही. पण मित्रांनो, आपण कवितेत सूर्य उगवत बसलो आणि तिकडं सूर्याचा लिलाव सुरू झाला. दर ठरला, युनिटला तीन रुपयांच्या आसपास. टेंडरं निघाली. पंचवीस-पंचवीस वर्षांचे करार झाले. त्याच्यावर प्रबंध झाले, परिषदा झाल्या, परिषदेतल्या जेवणावळी झाल्या. आणि या एवढ्या कागदांत तुमचं-माझं नाव कुठंच नाय. म्हणून आज कविता बाजूला. आज हिशेब.

मी मैंदर्गीचा. तालुका अक्कलकोट, जिल्हा सोलापूर. महाराष्ट्र संपत येतो आणि कानडी सुरू होते तिथलं गाव. गाव म्हणायचं, पण नगरपरिषद आहे. माझी आज्जी, म्हणजे आमची अव्वा, अर्धं मराठी अर्धं कानडी बोलते. उन्हाला ती 'बिसिलु' म्हणते. ज्वारी, तूर, उडीद पावसाच्या मर्जीवर. बिसिलु मात्र बारमाही. ऊन विकता आलं असतं तर आमची वस्ती तालुक्याची सावकार झाली असती, असं आम्ही लहानपणी गमतीनं म्हणायचो. आता ऊन खरंच विकलं जातं. विकणारे आम्ही नाही.

मागं एकदा वस्तीत एक संशोधक पोरगा आला होता. कुठल्या मोठ्या संस्थेतला, ते जाऊ द्या. पोरगा वाईट नव्हता. चप्पल काढून आत आला, पाणी प्यायला. टॅबवर फॉर्म होता. छत पक्कं की कच्चं? पत्रा. छताचं क्षेत्रफळ? कुणी मोजलंय. वीजबिल कुणाच्या नावावर? मेलेल्या आज्याच्या. स्वतःची जमीन किती एकर? अव्वा हसली. पोरानं टॅबवर बोट टेकवलं.

"काय लिवलालास बाळा?"

"निरंक, मावशी."

मग अव्वानं तिचा प्रश्न विचारला. "माळावर काचा लावनार म्हनतेत. मंग शेरडं कुटं चारायची?" पोरगा अवघडला. म्हणाला, मावशी, हा प्रश्न माझ्या फॉर्ममध्ये नाही.

त्या पोरावर माझा राग नाही. राग आहे तो फॉर्म करणाऱ्या डोक्यावर. सौरऊर्जेचं संशोधन ज्या आकड्यांवर उभं आहे ते आकडे एकदा उघडून बघा. राष्ट्रीय सौर ऊर्जा संस्थेनं २०१४ साली देशाची सौर क्षमता काढली: ७४८ गिगावॅट. महाराष्ट्राच्या वाट्याला सुमारे ६४. आकडा अंगावर येतो. आमच्या सोलापूरजवळ फताटेवाडीला एनटीपीसीचा कोळशाचा १३२० मेगावॅटचा प्रकल्प आहे. तसले साडेपाचशेहून जास्त प्रकल्प मावतील एवढी क्षमता नुसत्या उन्हात. पण हा आकडा काढला कसा? देशात जेवढी 'पडीक' जमीन आहे तिच्यातली ३ टक्के पॅनेलखाली घातली तर, असं धरून. गेली दहा-बारा वर्षं भाषणात, अहवालात, प्रबंधाच्या पहिल्या पानावर हाच आकडा फिरतोय. आणि त्या आकड्याच्या बुडाशी एक शब्द बसलाय. पडीक.

कोण म्हणतं पडीक? इंग्रजाच्या महसुली दप्तरात जी जमीन सारा देत नव्हती ती पड. सारा नाही म्हणजे उपयोग नाही, उपयोग नाही म्हणजे माणूस नाही. आता तेच दप्तर उपग्रहावर चढलंय. उपग्रहाला वरून मुरूम दिसतो, खुरटं गवत दिसतं. त्या गवतावर कुणाची चार शेरडं जगतात, तिथल्या काटक्यांवर कुणाची चूल पेटते, कडेच्या अर्ध्या एकरात गेली तीस-चाळीस वर्षं कोण तूर पेरतं, हे वरून दिसत नाही. ते दिसायला खाली उतरावं लागतं, आणि खाली उतरलं की जात आडवी येते.

कारण ती पडीक जमीन म्हणजे गायरान. आणि गायरान म्हणजे गावानं ज्याला जमीन दिली नाही त्याची शेवटची जागा. आपला इतिहास थोडा उगाळतो, कारण शहरात वाढलेल्या पोरांना तो माहीत नसतो. महारकीच्या वतनापायी पिढ्यान्‌पिढ्या फुकट राबलो. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात त्याच्याविरुद्ध बिल आणलं. कायदा यायला १९५८ उजाडलं. वतनाच्या जमिनी पैसे भरून परत घ्यायच्या, त्याही नव्या शर्तीवर. ज्यांच्याकडं पैसे नव्हते त्यांच्या जमिनी कुणाच्या घशात गेल्या ते प्रत्येक गावाला ठाऊक आहे. दादासाहेब गायकवाडांनी १९५९ ला आणि पुन्हा १९६४ ला भूमिहीनांचे सत्याग्रह केले. लाखो माणसं तुरुंगात गेली. मागणी काय होती? पडीक जमीन कसणाऱ्याला द्या. पडीक! म्हणजे ही जमीन पडीक आहे आणि कामाची आहे, हा शोध उपग्रहाच्या कितीतरी आधी आपल्या म्हाताऱ्यांनी लावला होता. त्यांना त्याबद्दल डॉक्टरेट मिळाली नाही, फक्त जेल मिळाली.

त्या लढ्याचं थोडंसं फळ म्हणजे २८ नोव्हेंबर १९९१ चा शासन निर्णय. १४ एप्रिल १९९० पर्यंतची मागासवर्गीय भूमिहीनांची गायरानावरची शेतीची अतिक्रमणं नियमित करायची. कागदावर. कितीतरी गावांत पंचनामे झाले, दंडाच्या पावत्या झाल्या, सातबारा झाला नाही. पुढं २०११ साली जगपाल सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की गावाच्या सामाईक जमिनी वाचवा, अतिक्रमणं हटवा. निकाल पंजाबमधल्या धनदांडग्यांनी गिळलेल्या तळ्याचा होता, लागू मात्र आमच्या झोपडीला झाला. २०२२ ला मुंबई उच्च न्यायालयानं गायरानातली अतिक्रमणं काढायला सांगितली आणि गावोगाव नोटिसा आल्या. तुम्ही गायरानात आहात, तुम्ही चोर आहात.

आणि २०२३ ला? मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २.०. सरकारी जमिनी शोधा, गायरानं शोधा, वीज उपकेंद्राच्या जवळची बघा, नाममात्र भाड्यानं द्या. काल जी जमीन गुराढोरांसाठी इतकी पवित्र होती की तिच्यावर माझ्या चुलत्याची तूर चालत नव्हती, तिच्यावर आज कंपनीची काच चालते. च्यायला, तूर अतिक्रमण आणि काच विकास!

इथं एक मित्र मला थांबवतो. म्हणतो, तू शेतकऱ्याच्या दिवसा विजेच्या विरोधात आहेस का? नाही बाबा. रात्री तीनला मोटर चालू करायला मालक जात नाही, सालगडी जातो. विंचू त्यालाच चावतो, साप त्यालाच डसतो. दिवसा वीज आली तर त्याचा जीव वाचेल, हे मी आधी मान्य करतो. कोळसाही माझा मावसभाऊ नाही. आमच्या जिल्ह्यात ती चिमणी आहे, उजनीचं पाणी तिच्याकडं जातं, राख इथंच राहते. मला ऊन हवंय. म्हणूनच तर विचारतोय, ऊन कुणाचं?

आता हिशेब करू, साधा, बोटांवरचा. एक मेगावॅटला जमीन लागते साधारण चार ते पाच एकर. आमच्याकडच्या उन्हात त्यातून वर्षाला पंधरा-सोळा लाख युनिट वीज निघते. तीन रुपयांनी धरा, पंचेचाळीस लाखांच्या पुढं. खाजगी जमीनमालकानं जमीन दिली तर योजनेत त्याला भाडं मिळतं हेक्टरी वर्षाला सव्वा लाख, म्हणजे एकरी पन्नास हजार, वर दरसाल ३ टक्के वाढ. चार एकरांचे दोन लाख, बसल्या जागी. कंपनीचं कर्ज असेल, तीन-साडेतीन-चार कोटी गुंतलेले असतील, ते मी धरतो. पण या सगळ्या वाटणीत त्या चार एकरांत खुरपायला जाणारी बाई कुठं आहे? जमीनमालकाला भाडं, कंपनीला युनिट, महावितरणला स्वस्त वीज, बागायतदाराला दिवसा पाणी. बाईला? तिचं खुरपण गेलं. पॅनेल उभे राहीपर्यंत खड्डे खणायचं काम, मग कुंपण, कुंपणाला कुलूप, आत एक वॉचमन. आणि पॅनेलवर धूळ बसते म्हणून पुसायला दोन माणसं. आमच्याकडं मार्च ते जून धूळ एवढी की पुसल्याशिवाय वीज घटते. झाडू आणि फडकं कुणाच्या हातात येणार, ते मी सांगायची गरज आहे? तंत्र विसाव्या-एकविसाव्या शतकाचं, कामाची वाटणी मनूची.

जमीनमालकाचंही सगळं गोड आहे असं नाही. धुळे जिल्ह्यातल्या विखरणचे धर्मा पाटील. दोंडाईचाच्या वीज प्रकल्पासाठी जमीन गेली, पाच एकरांचे चार लाख हातात पडले, वयाच्या चौऱ्याऐंशीव्या वर्षी मंत्रालयाचे उंबरे झिजवले, जानेवारी २०१८ मध्ये तिथंच विष घेतलं आणि गेले. नाव सातबाऱ्यावर असलेल्या म्हाताऱ्याची ही गत. मग नावच नसलेल्याला विष घ्यायलासुद्धा मंत्रालयात कुठल्या कागदावर आत सोडतील?

जमिनीचं झालं, आता छप्पर. फेब्रुवारी २०२४ पासून प्रधानमंत्री सूर्यघर योजना. छतावर पॅनेल लावा, तीन किलोवॅटला ७८ हजारांपर्यंत अनुदान, बिल शून्य. एक कोटी घरं. उत्तम! अट एवढीच की घर तुमचं हवं, छत पॅनेल पेलणारं हवं, जोडणी तुमच्या नावावर हवी. म्हणजे ज्याला बिल परवडतं त्याचं बिल माफ. पत्र्याखाली भाजणाऱ्यानं सूर्य डोक्यावर घ्यायचा, फुकट नुसता घाम. शेतपंपाचंही तसंच. 'मागेल त्याला सौर कृषी पंप', २०२४. आपल्याला फक्त ५ टक्के भरायचे, इतरांना १०. वाचून बरं वाटतं. पण पंप बसणार कुठं? अडीच एकरांपर्यंत तीन अश्वशक्ती, पुढं पाच, पुढं साडेसात. शून्य एकराला किती अश्वशक्ती? २०१५-१६ च्या कृषिगणनेप्रमाणं देशातल्या कसल्या जाणाऱ्या जमिनीत अनुसूचित जातींकडं साडेआठ टक्क्यांच्या आसपास. लोकसंख्येत आपण २०११ ला १६.६ टक्के. सवलत आहे पंपावर आणि पंप आहे जमिनीवर, आणि जमीन नाय. हे म्हणजे बिनपायाच्या माणसाला बुटावर सूट.

कुणी म्हणेल, संशोधकांनी यात काय करावं? त्यांचं काम सिलिकॉनचं. ठीक, सिलिकॉनकडं जाऊ. मुंबईच्या आयआयटीत २०१० पासून फोटोव्होल्टाइक संशोधनाचं राष्ट्रीय केंद्र आहे. त्यांनी देशभर हिंडून पॅनेलं तपासली. २०१३ पासून अशा पाहण्या झाल्या. निष्कर्ष महत्त्वाचा आहे: उष्ण भागात पॅनेल लवकर म्हातारं होतं. पॅनेलची ताकद कारखान्यात मोजतात २५ अंशांना. त्याच्या वर प्रत्येक अंशाला सुमारे ०.४ टक्का वीज घटते. सोलापूरच्या मे महिन्यात काच साठ-पासष्टपर्यंत तापते, म्हणजे पंधरा टक्के गेले तिथंच. ही पाहणी चांगली आहे, मी तिची टिंगल करत नाही, अशी मोजणी व्हायलाच पाहिजे. पण बघा, पॅनेलला उन्हाचा त्रास होतो हे त्यांनी दशांश चिन्हापर्यंत मोजलं. त्याच उन्हात, त्याच माळावर बांधणीच्या कामाला आलेल्या बाईच्या अंगातून किती पाणी गेलं, तिची किती वर्षं कमी झाली, याचा तक्ता त्याच अहवालाच्या शेजारी कधी लागणार? काचेला जात नसते म्हणून तिचा ताप मोजणं सोपं जातं.

त्याच आयआयटीतून सौर दिव्यांचा मोठा कार्यक्रम निघाला. शाळेतल्या पोरांना लाखोंनी दिवे, खेड्यातल्या बायकांनी जोडलेले, दुरुस्तीही गावातच. रॉकेलच्या चिमणीपुढं डोळे फोडलेल्या आपल्या पिढीला त्याची किंमत कळते. पण तिथंच माझा प्रश्न सुरू होतो. आपल्या वाट्याला दिवा आणि त्यांच्या वाट्याला मेगावॅट, हे कुणी ठरवलं? परभणीच्या कृषी विद्यापीठात पॅनेलखाली पिकं घेण्याचे प्रयोग झालेत. वर वीज, खाली पीक. वा! मालक दोन्हींचा एकच. तिसरा मजला आपल्यासाठी कुणी काढून बघितलाय?

बाबासाहेबांनी हा प्रश्न ऐंशी वर्षांपूर्वी टेबलावर ठेवला होता, आणि आपण त्यांचा फोटो लावतो पण हे भाषण वाचत नाही. व्हाइसरॉयच्या मंडळात ते मजूर खात्याचे सदस्य, वीज त्यांच्याकडं. २५ ऑक्टोबर १९४३ ला सार्वजनिक बांधकाम आणि वीज यांच्या धोरण समितीपुढं ते बोलले. शास्त्रज्ञ, इंजिनिअर, संस्थानांचे प्रतिनिधी बसलेले. बाबासाहेबांनी व्होल्ट-ॲम्पियरपासून सुरुवात केली नाही. त्यांनी विचारलं, वीज मालकीची कुणाच्या असावी, सरकारच्या की खाजगी भांडवलाच्या? आणि तिच्याशिवाय हा देश दारिद्र्याच्या चक्रातून बाहेर कसा पडणार? वीज स्वस्त हवी आणि मुबलक हवी, यावर त्यांचा सगळा भर. १९४४ ला केंद्रीय तांत्रिक वीज मंडळ उभं राहिलं. आणि १९४७ च्या 'राज्ये आणि अल्पसंख्याक' मध्ये त्यांनी जमीन आणि मूलभूत उद्योग दोन्ही राज्याच्या मालकीचे मागितले. जमीन गावकऱ्यांना जातपात न बघता कसायला, म्हणजे जमीनदार नको, कूळ नको, भूमिहीन मजूर नको. वीज आणि जमीन त्यांनी एका धाग्यात बांधली होती. आज सौर प्रकल्पात पुन्हा वीज आणि जमीन एकत्र आलीय, बाबासाहेबांना उलटं टांगून.

आणि सूर्याचं शास्त्र तरी कुणाच्या बापाचं? ताऱ्यांच्या प्रकाशात कोणती मूलद्रव्यं किती तापमानाला काय करतात, ते वाचायचं समीकरण १९२० साली मेघनाद साहानं दिलं. ढाक्याकडच्या खेड्यातल्या गरीब दुकानदाराचा पोरगा, जातीनं खालचा. कलकत्त्याला शिकताना होस्टेलात त्याच्या पंगतीला सवर्ण पोरांनी हरकत घेतली होती. सूर्याची लिपी वाचणाऱ्याला जेवायला वेगळं बसवणारा हा देश. पुढं दामोदर खोऱ्याच्या योजनेत हेच साहा आणि मजूर खात्यातून बाबासाहेब, दोघंही एकाच कामाला लागलेले. हे दोघं एका वाक्यात येतील असं पाठ्यपुस्तक मला अजून भेटलेलं नाही.

आता आपल्याकडं बघू. आपली पोरं संशोधनात जातात तेव्हा कुठं जातात? साहित्यात, समाजशास्त्रात, आणि विषय काय, तर आपलीच दुःखं. मी कमी लेखत नाही, ती लिहायलाच पाहिजेत. पण प्रयोगशाळेच्या दारात आपण किती? तिथं गाईडच मिळत नाही, मिळाला तर विषय त्याचा, उपकरण त्याच्या लाडक्याचं. फेलोशिपसाठी बार्टीची पोरं २०२३ साली आझाद मैदानात आठवड्यामागून आठवडे बसून होती. उन्हात. त्याच उन्हावर काम करायला पैसे मिळावेत म्हणून एखादा त्यांच्यात बसला असेल, तर त्यानं मला जरूर भेटावं, मला त्याच्याशी बोलायचंय.

विषय मी देतो. कर्मवीर दादासाहेब गायकवाड सबळीकरण योजना २००४ पासून आहे: भूमिहीन दलित कुटुंबाला चार एकर जिरायत किंवा दोन एकर बागायत. वर्षानुवर्षं उत्तर एकच, जमीन मिळत नाही. सौर प्रकल्पाला मिळते, आम्हाला मिळत नाही! आणि चार एकर जिरायत म्हणजे काय, आठवा. जवळजवळ एक मेगावॅट. मैंदर्गीच्या माळावर मजूर बायांच्या सहकारी संस्थेच्या नावानं चार-पाच एकर, वर पॅनेल, काच उंच घेतली तर खाली शेरडं आणि तूर. उंच घ्यायला लोखंड किती वाढेल, खर्च किती, धुवायला पाणी किती आणि ते पुन्हा तुरीला कसं द्यायचं, कर्ज किती वर्षांत फिटेल, कुटुंबामागं काय पडेल. आहे कुणाचा प्रबंध? हे गणित अवघड नाही. अवघड एवढंच की यात मालक बदलतो.

आणि दुसरं काम, ज्याला प्रयोगशाळा लागत नाही. तलाठ्याकडं गाव नमुना एक-ई असतो, अतिक्रमणांची नोंदवही. माहितीच्या अधिकारात नक्कल मागा. तुमच्या गावच्या गायरानाचा पडीक म्हणून रंगवलेला नकाशा एका बाजूला ठेवा, एक-ई दुसऱ्या बाजूला. रिकाम्या रंगात किती नावं निघतात ते मोजा. सुट्टीत गावाकडं जाणारे आपले हॉस्टेलचे दोन पोरं हे काम आठ दिवसांत करतील. ज्यांच्या गावात गायरान सौर प्रकल्पाला द्यायचा ठराव आलाय त्यांनी ठरावाची नक्कल, एक-ईचा उतारा, दंडाच्या जुन्या पावत्या आणि जमिनीवर उभं राहून काढलेले फोटो घेऊन यावं. कविता पुढच्या खेपेला. पुढच्या अंकाची सोळा पानं या नोंदींसाठी मोकळी ठेवलीत. मैंदर्गीची मी आणतो.